अडसराचा कुरूस

खारभाटच्या खाडीवर, मिठागराच्या बांधाला लागून, एक काळा लाकडी कुरूस उभा आहे. त्यावर ख्रिस्ताची मूर्ती नाही. आडवे लाकूड उभ्यापेक्षा लांब आहे. नवखा माणूस सुताराला हसतो. गाव हसत नाही. ते लाकूड म्हणजे गावच्या चर्चच्या दाराचा अडसर. चर्चला आता अडसर नाही. तो जिथे बसायचा ती भिंतीतली भोके तेवढी ठेवली आहेत. ज्याला बघायची त्याने जाऊन बघावी.

फार मागे, उपासकाळात, गावात मरी शिरली असे सांगतात. सकाळी जाळे विणणारा माणूस संध्याकाळी मातीत जाई. पाद्री खाडीपलीकडे राहत, आणि तिकडच्या लोकांनी होड्या बंद केल्या. तेव्हा सांतान पाटलाने ठरवले की आजाऱ्यांना मिठागरावरच्या झोपड्यांत ठेवायचे, आणि धडधाकट लोकांनी चर्चमध्ये दार लावून प्रार्थनेला बसायचे. मरी जाईपर्यंत आतले काही बाहेर जायचे नाही, बाहेरचे काही आत यायचे नाही. पाण्याची चिंता नव्हती. गोड्या पाण्याची विहीर चर्चच्या मागच्या आवारात, उंच भिंतीच्या आत होती, आणि तिथे जायची वाट चर्चमधूनच होती. गावच्या बाकी विहिरी उन्हाळ्यात खारट होत.

घंटा वाजवणे आणि दार लावणे हे काम बस्त्यावच्या घराण्याचे. माणूस शब्दाला पक्का. त्याने कुरुसावर हात ठेवून शपथ घेतली, पाटील सांगेपर्यंत अडसर काढणार नाही. सागाचा तो अडसर धप्पकन बसला. बस्त्यावची लेक कातरीन बाहेर होती.

कातरीनचे पोर आदल्या साली गेले होते. तेव्हापासून तिने चर्चची पायरी चढली नव्हती. हिचा विश्वास उडाला, असे बायका म्हणत. आता ती झोपड्यांत राहून आजाऱ्यांचे करत होती.

दुसऱ्याच दिवशी तिने दार वाजवले.

“बा, घागर ठेवलीय. भरून दे. माणसं पाण्यावाचून तडफडतायत.”

बस्त्यावने पाटलाकडे पाहिले. पाटील मोठ्याने म्हणाला, “देवाशी अबोला धरलास, आणि आता देवाच्या विहिरीचं पाणी मागतेस होय?”

“अबोला घरच्या माणसाशीच धरतात, पाटील. परक्यावर कोण रुसतंय?”

आत कुणीतरी हसले. पाटलाने डोळे वटारले तसे गप्प झाले.

“बाय, मी शपथ घेतलीय,” बस्त्याव दाराला तोंड लावून म्हणाला.

“मग शपथच पाज त्यांना,” ती म्हणाली आणि गेली.

ती रोज येई. रोज घागर मागे. बस्त्याव रोज अडसरावर हात ठेवून उभा राही आणि हात खाली घेई.

आत प्रार्थना चालू होती. रोज सकाळी सगळे रांगेने वेदीवरच्या कुरुसाचे चुंबन घेत. मान पाटलाचा, म्हणून पहिले ओठ त्याचे. पाटलाला ताप होता. बाहेर घालवतील या भयाने त्याने तो लपवला होता म्हणे. मरीला दारातून यावेच लागले नाही. रांगेतली माणसे एकेक करून आडवी पडू लागली. तरी अडसर निघाला नाही. पाटील म्हणे, आपला विश्वास कमी पडतोय, आणखी प्रार्थना करा.

पवित्र शुक्रवार आला. आदल्या दिवशी कातरीनची हाक आली नव्हती. बस्त्याव तापाने फणफणून दाराशीच पडला होता. तिसऱ्या प्रहरी दार वाजले.

“तहान लागली.”

आवाज खोल होता. बस्त्यावने विचारले, “कोण?”

पुन्हा तेवढेच आले, “तहान लागली.”

कुरुसावर टांगलेला ख्रिस्त याच दिवशी, याच वेळी, हेच बोलला होता. दर साली ते वाचले जाई आणि दर साली बस्त्याव गुडघे टेकून ऐके. तो भिंतीला धरून उठला आणि अडसराला हात घातला.

“शपथ मोडलीस तर नरकात जाशील!” पाटील पडल्या पडल्या ओरडला.

“जातो,” बस्त्याव म्हणाला. “पाणी तेवढं पोचवून जातो.”

दार उघडले. बाहेर कुणी नव्हते. कातरीनची घागर पायरीवर पालथी पडली होती. त्याने ती विहिरीवर भरली आणि धडपडत झोपड्यांकडे गेला. तिथे ज्यांना बोलता येत होते त्यांनी सांगितले, कातरीन कालच गेली. तिचे लुगडेच तिच्या अंगावर पांघरलेले होते. तिचे ओठ फाटले होते.

त्याने आधी सगळ्यांना पाणी पाजले. मग लेकीला बांधाशी पुरले आणि अडसर आणून तिच्या उशाला कुरूस उभा केला. चर्चचे दार त्याने पुन्हा लावले नाही. तो पुढे जगला की नाही, ते कुणी सांगत नाही.

आजही पवित्र शुक्रवारी खारभाटात कुरुसाचे चुंबन घेत नाहीत. घराघरातून गोड्या पाण्याची घागर बांधावर नेतात, आणि वाटेवरचा कुणी परका प्यायल्यावाचून गावचा माणूस घोट घेत नाही. आजही दाराबाहेरून कुणी पाणी मागितले तर इथे ‘कोण’ म्हणून विचारत नाहीत. आधी दार उघडतात. बाहेर कधी माणूस असतो. कधी कुणीच नसते. तरी भरलेला तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि मागे न बघता आत येतात.