दुसऱ्या गटातले सर

"सर, तुम्हाला राग कसा येत नाही?"

डॉ. प्रणोती खाडिलकरनं विचारलं आणि मान खाली घातली.

समोर खुर्चीत डॉ. इस्माईल मुजावर बसले होते. मिरजेत आयुष्यभर छातीचे रुग्ण तपासलेले. प्रणोतीला स्टेथोस्कोप धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आता त्यांच्याच फुप्फुसांना आतून सूज होती आणि ती फुप्फुसं हळूहळू कडक करत चालली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी.

ही सूज आवरणारं नवं औषध प्रणोतीनं शोधलं होतं. चाचणीत एका गटाला औषध मिळालं, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल. कोण कुठल्या गटात, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. सर आपणहून चाचणीत आले होते.

काल सगळं उघड झालं. औषध लागू पडलं होतं! अभिनंदनाचे फोन थांबेनात. तीही हवेतच होती... सर दुसऱ्या गटात होते, हे कळेपर्यंत.

"वर्षभर तुम्हाला नुसती साखर दिली मी."

"तुला कुठं माहीत होतं?"

"गेल्या वर्षी तुम्ही जमिनीवर नमाज पढत होता, सर. आता खुर्चीत..."

सदरा वर करून सरांनी पाठ तिच्याकडे केली.

"ऐक."

तिनं स्टेथोस्कोप टेकवला. सुक्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा आवाज...

"वाढलाय, सर."

"माझ्या गटात सगळ्यांचाच?"

"बहुतेकांचा."

"आणि औषधवाल्यांचा?"

"तिथंच थांबलाय."

"आम्ही नसतो, तर 'थांबलाय' हे कशावरून म्हणाली असतीस?"

प्रणोतीनं त्यांचा सदरा खाली ओढून नीट केला. "आता तुम्हाला खरं औषध सुरू करते. गेलेलं परत येणार नाही, पण..."

"घेईन की! माझ्या विद्यार्थिनीचं औषध आहे."

ती पाया पडायला वाकली. सरांनी तिला अर्ध्यावरच धरलं. दोघांचेही डोळे भरले होते.

"आभार मी मानायचे गं..."

दम लागला. ते थांबले. मग हसले.

"निवृत्त होऊन घरी बसलो होतो. तू मला पुन्हा कामाला लावलंस."