धाकू मेस्त्रीची वाकडी

आडेखोलच्या देवळापुढचा पिंपळ अजून माणसाच्या खांद्याएवढाच होता, तेव्हाची ही गोष्ट. दुपार कलली होती. केसू गावकर अंगणात बसून सुंभ वळत होता. शेजारच्या परसात कुणीतरी कुळीथ पाखडत होतं, कोंबड्या त्या आवाजाकडे धावत होत्या. एवढ्यात पाणंदीतून भिकाजीची सून ओरडत आली.

"तानीक डुकरान मारल्यान! झरीवर! मेस्त्रीच्या तानीक!"

केसूच्या हातातला सुंभ उलगडत गेला आणि तो त्याच्याकडे बघत राहिला. त्यानं विचारलं ते एवढंच, "डुक्कर लंगडत होतो काय?"

"होय," ती म्हणाली.

आडेखोलात तेव्हा एकच बंदूक होती. स्वस्तातली, एका नळीची. एक बार काढला की नळी मोडून दुसरं काडतूस घालायचं, म्हणून तिला सगळे एकबारी म्हणत. शेतीच्या राखणीसाठी सरकारनं दिलेला परवाना केसूच्या नावावर होता, दुसऱ्या कुणाला तिचा बार काढता येत नसे. दोन दिवसांपूर्वी तिन्हीसांजेला केसूनं नाचणीच्या वाफ्यात एकसुळ्या डुकरावर बार काढला होता. डुक्कर पडलं नाही, मागचा पाय ओढत रानात गेलं. लोकांनी विचारलं तेव्हा केसू म्हणाला, "बंदूक वाकडी मारता."

ते खरं नव्हतं. वर्षभरापासून केसूच्या उजव्या डोळ्यासमोर धुकं होतं आणि त्या श्रावणात ते पुरतं दाटलं होतं. त्यानं ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. गावचा बंदूकवाला आंधळा झाला, हे कसं सांगायचं?

तानीचे दिवस झाले. तोवर एकसुळ्यानं झरीची वाट अडवून धरली होती. जखमी डुक्कर बिथरलेलं असतं. बायका पाण्याला जाईनात, पिकत आलेली नाचणी राखायला कुणी उतरेना. ते डुक्कर वाढत वाढत काळ्या कातळाएवढं झालं आणि त्याच्या फुसकारण्यानं कारवी आडवी व्हायची, असं म्हणतात.

तेराव्या दिवशी तानीचा बाप, धाकू मेस्त्री, केसूच्या दारात आला. धाकू नांगर करायचा, दारं करायचा, पाळणे करायचा. बोलायचा कमी. तो म्हणाला, "ती बंदूक घेऊन काजीत चल."

काजूच्या बागेत त्यानं एकबारी दोन खोडांच्या बेचक्यात आवळून बांधली, चापाला दोरी लावली आणि चाळीस पावलांवर नारळ ठेवला. नेम त्यानं जुळवला आणि दोरी केसूला ओढायला लावली. नारळ फुटला. दुसरा ठेवला, तोही फुटला. तिसरा फुटला तेव्हा धाकू नारळाकडे बघत नव्हता. तो केसूच्या उजव्या डोळ्याकडे बघत होता.

केसूला वाटलं, आता हा कोयता उचलणार. उचलला असता तरी तो हलला नसता.

मग धाकूनं विचारलं, "डावो डोळो चांगलो हा मां?"

केसूनं मान हलवली.

संध्याकाळी देवळात माणसं जमली होती. सगळ्यांसमोर धाकू म्हणाला, "बंदुकीतच खोट हा. मी करतंय बरी."

त्या दिवसापासून एकबारी धाकूच्या पडवीत उघडी पडली. नळीचा सांधा खिळखिळा होता, तो त्यानं कानसून घट्ट बसवला. चाप इतका ताठ होता की ओढताना नळीच हलायची. त्याच्या आतल्या, एकमेकांत अडकणाऱ्या खरबरीत कडा त्यानं दगडावर घासून अशा गुळगुळीत केल्या की नुसतं मनात आणलं तरी चाप सुटेल, असं म्हणतात. पण खरं काम होतं ते दस्त्याचं, खांद्याला टेकणाऱ्या लाकडाचं. बंदूक उजव्या खांद्याला लावायची आणि नेम डाव्या डोळ्यानं धरायचा, तर दस्त्यानं हनुवटीखालून वळसा घ्यायला हवा. केसूचा डावा हात लहानपणी मोडलेला, त्यामुळे खांदा बदलणं शक्य नव्हतं.

असा वाक तासून काढला तर लाकूड पहिल्या धक्क्याला फुटतं. म्हणून धाकू रानात गेला. जन्मतःच तेवढी वळलेली शिवणीची फांदी शोधत तो तीन दिवस फिरला आणि झाडंच त्याला एकमेकांकडे पाठवत होती, असं म्हणतात. शेवटी वादळात मोडून दोन पावसाळे खाल्लेली एक फांदी त्याला सापडली. झरीच्या वरच्या अंगाला, जिथून तानी पडली ती जागा दिसते तिथंच.

माप घ्यायची धाकूची रीत वेगळी होती. तो नारळाच्या पातीचा हीर घ्यायचा आणि माणसाला म्हणायचा, "डोळे मीट. आता वर घे." केसू डोळे मिटून दस्ता गालाला लावायचा. धाकू हिरानं मोजायचा, हिरावर नखानं खूण करायचा, दस्ता काढून घ्यायचा आणि तासायचा. पुन्हा डोळे मीट, पुन्हा वर घे. या अमावास्येपासून त्या अमावास्येपर्यंत हे चाललं. केसू वैतागून म्हणाला, "मेस्त्री, बार काय डोळे मिटून काढूचो हा?"

"डोळे फसवतत," धाकू म्हणाला. "खांदो फसवणा नाय."

बंदूक तयार झाली तेव्हा सगळा गाव बघायला आला आणि पोट धरून हसला. नळी एकीकडे, दस्ता दुसरीकडे. एकबारीचं नाव तिथंच वाकडी पडलं. भिकाजी म्हणाला, "मेस्त्री, बंदूक केलंस की नांगर? पेरणीक न्यायची काय?"

"नेऊया," धाकू म्हणाला. "बैल म्हणान तू उभो रव."

तानी गेल्यापासून धाकूच्या पडवीत कुणी हसलं नव्हतं. त्या दिवशी हसले.

लोक गेल्यावर धाकूनं नळीच्या टोकाला बोट फिरवलं. नेम धरायची माशी झिजून गेली होती. तो आत गेला आणि तानीच्या गळ्यातला सोन्याचा मणी घेऊन आला.

"मेस्त्री, ह्यो नको," केसू कळवळून म्हणाला.

"पितळ काळोखात दिसणा नाय," धाकू म्हणाला. "सोना दिसता." आणि त्यानं तो मणी नळीवर बसवला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दोघं झरीच्या वाटेला लागले. केसू पुढे, धाकू कोयता घेऊन मागे. एकसुळ्या कारवीतून निघाला तो सरळ त्यांच्यावरच आला. जमीन हादरली, झरीचं पाणी थांबलं, असं म्हणतात. केसूनं बंदूक वर घेतली. आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं नेम धरताना डावा डोळा मिटला.

सगळा अंधार झाला. उजव्या डोळ्याला काही दिसत नव्हतं आणि डावा बंद होता. उघडायला वेळ नव्हता. पण दस्ता गालाला लागला होता, जसा महिनाभर रोज लागत होता. कानाशी हलकेच कुणीतरी म्हणालं, आता. केसूनं चाप ओढला.

बाराचा आवाज सात डोंगर ओलांडून गेला. केसूनं डोळा उघडला तेव्हा एकसुळ्या त्याच्या पायांपासून एका हातावर पडला होता आणि छर्रे बरोबर कपाळात होते. ते मण्यानं पाहिलं, असं म्हणतात. धाकूला विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "माप बराबर होता."

त्या वर्षी नाचणी घरात आली. पुढे धाकूची कीर्ती खाडीपलीकडे गेली. कुणी थोट्या हाताचा यायचा, कुणी खुरटलेल्या पायाचा. धाकू त्यांना डोळे मिटायला लावायचा आणि त्यांच्या अंगाला जमेल असं अवजार करून द्यायचा. माणूस सरळ करायला कधी कुणाला सांगितलं नाही त्यानं. लाकूड वाकडं शोधलं.

धाकू मेस्त्री गेला तो नांगर करता करता, हातात हीर असताना. त्याच्या बाराव्याला केसू देवळात उभा राहिला आणि त्यानं सगळ्या गावाला खरं काय ते सांगितलं. डोळा कधी गेला, डुक्कर कुणाच्या बारानं लंगडं झालं आणि तीन नारळ फुटल्यावर धाकू काय म्हणाला, ते सगळं. भिकाजी तेव्हा फार म्हातारा झाला होता. तो उठून केसूजवळ जाऊन बसला.

परवाना संपला तेव्हा वाकडीच्या नळीत शिसं ओतून ती देवळात ठेवली. खंडेनवमीला पहिलं फूल तिला वाहतात. आडेखोलात आजही नवं खोरं, नवा कोयता घेणारा आधी डोळे मिटून तो उचलून बघतो. डावखुऱ्या पोराचा हात तिथं कुणी वळवत नाही. आणि काम बिघडलं तर आडेखोलचा माणूस अवजाराला नाव ठेवत नाही.

मणी अजून नळीवर आहे. एकसुळ्या पडला त्यानंतर धाकू एकोणीस वर्षं जगला आणि केसू रोज संध्याकाळी त्याच्या पडवीत जाऊन बसायचा. तानीबद्दल त्याला धाकूची माफी मागायची होती. ती मागायची राहिली.