डोलकाठीआडचा अगस्ती

वाडखोलच्या किनाऱ्यावर दगडी चौथऱ्यात एक डोलकाठी उभी आहे. तिच्याखाली होडी नाही. पाहुण्यांना ती झेंड्याची काठी वाटते. कोणी तिच्यावर ओला टॉवेलही वाळत घालतो. घाला बापडे, पण तो वाळेपर्यंत ऐकून घ्या.

पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्या पूर्वी इथे अगस्तीचा तारा बघून लोटत. हा तारा वैशाखात सूर्याच्या उजेडात बुडतो आणि पाऊस ओसरू लागला की एखाद्या पहाटे दक्षिणेच्या टेकडीवर पुन्हा दिसतो. तो दिसला म्हणजे दर्या निवळला, असा सगळ्यांचा भरवसा होता.

त्या काळी धाकलू नावाचा तांडेल होडी हाकायचा, असे सांगतात. त्याची बायको भागी. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच हंगाम. नवरा दर्यावरून सुखरूप यावा म्हणून ती टेकडीवरच्या जाखमातेला नवस बोलली, की होड्या लोटेपर्यंत रोज पहाटे तुझ्यापुढे दिवा लावीन. नवस सांगून टाकला तर फळत नाही, म्हणून तिने तो घरातही सांगितला नाही.

एका पहाटे ढग जरा फाटले. धाकलूला टेकडीच्या माथ्यावर ठळक उजेड दिसला. “अगस्ती आयला रं! होऱ्या लोटा!” तो ओरडला. बायको घरात नव्हती; पाण्याला गेली असेल, असे त्याला वाटले. घरोघरची सुकी मासळी संपत आली होती, त्यामुळे उजेडाकडे दुसऱ्यांदा कोणी पाहिले नाही. मागच्या होड्या लाटांनी परत फेकल्या. पुढे गेलेली धाकलूची होडी आली नाही.

भागी टेकडी उतरून आली तेव्हा बायकांनी तिला अगस्ती कुठे उगवला ते बोटाने दाखवले. तिथे तिचाच दिवा अजून जळत होता. तिला गप्प बसता आले असते, कारण दिव्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. तिने सगळे सांगितले. मला त्या बाईचे फार नवल वाटते.

पुढे होडीची डोलकाठी तेवढी किनाऱ्याला लागली. भागीने ती इथे रोवली आणि रोज पहाटे तिच्यामागे बसू लागली. एके दिवशी टेकडीवर पुन्हा उजेड दिसला. पुरुष होड्यांकडे धावले, तर तिने त्यांना अडवले. उजेड काठीआड झाकला जाईल अशी ती बसली आणि बघत राहिली. हळूहळू तो काठीच्या उजवीकडून बाहेर आला.

“दिवा जागचा हालत नाय,” ती म्हणाली. “ह्यो चालला. आता जा.” त्या दिवशी गेलेले सगळे परत आले, म्हणे.

हवामानाचा इशारा आता मोबाइलवर येतो आणि आम्ही तो बघतोही. तरी आजही पाऊस ओसरताना टेकडीवर दिवा लावत नाहीत, देवी अंधारातच असते. दर्यावरून जिचा माणूस परत आला नाही, अशी गावातली बाई काठीमागे बसते. ती ‘चालला’ म्हणेपर्यंत एकही होडी पाण्यात जात नाही.

तेव्हा टॉवेल तेवढा काढून घ्या. यंदा तिथे माझी सून बसणार आहे.