बाळराजांनी सोनं नाकारलं

“माझ्या पोराला थापा सांगतेस? दसऱ्याला आम्ही सीमोल्लंघनाला निघू, तेव्हा तूही वेस ओलांड आणि परत तोंड दाखवू नकोस!” राजा मानाजी गरजला.

बयजा दासीचा गुन्हा काय, तर तिनं सात वर्षांच्या बाळराजांना उडत्या घोड्याची गोष्ट सांगितली! राज्यात गोष्टींना बंदी होती. गोष्टींनी पोरं बिघडतात, हा शास्त्रीबुवांचा शोध. बुवांच्या वाऱ्यालाही पोर उभं राहत नसे, पण शहाणपण ओसंडून चाललेलं!

बाळराजांना बयजानं पाळण्यापासून वाढवलेलं. तिचं आतडं तुटलं.

“महाराज, दया करा!”

“करतो की! बुवांच्या खऱ्याला जमणार नाही, ते तुझ्या थापेनं करून दाखव. मग राहा!” राजा खदाखदा हसला.

दसरा उजाडला. जुनं वैर मिटवायला शेजारचे राजे पाहुणे म्हणून आले होते. वेशीबाहेर त्यांनी बाळराजांपुढे आपट्याचं पान धरलं. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!”

“हे पान आहे. तुम्ही खोटं बोलता!” बाळराजे म्हणाले.

पाहुण्यांचा हात तलवारीकडे गेला.

“युवराज, सोनं हा धातू असून...” बुवा पुटपुटले.

“तेच म्हणतोय मी!”

“घे मुकाट्यानं!” राजा ओरडला.

“खोटं घेऊ, आबासाहेब?”

 बोचकं घेऊन निघालेल्या बयजाला राजानं हाक मारली. “बयजे, सांग ना काहीतरी!”

“मी? बंदी आहे ना!”

“उठवली! बोल लवकर!”

बयजानं बाळराजांना जवळ घेतलं. “एक होती मुंगी. तिच्याकडे हत्ती जेवायला आला. घरात साखरेचा एकच कण! तोच तिनं वाढला. म्हणाली, ‘पोटभर जेवा हं!’ आता हत्तीनं काय करावं?”

“खावा! आणि मोठ्ठी ढेकर द्यावी!”

“अन् पोट नाही भरलं तर?”

“म्हणून काय झालं? तिनं प्रेमानं दिलं ना!” बाळराजे थबकले. पाहुण्यांकडे वळून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “द्या माझं सोनं!”

पाहुण्यांनी त्यांना उचलून कडेवर घेतलं. बुवा उपरण्यानं घाम पुसत राहिले.

राजाचा जीव भांड्यात पडला. “बयजे, जिंकलीस! राहा!” म्हणत त्यानं ऐटीत एक आपट्याचं पान तिच्यापुढे धरलं. “हे घे बक्षीस. सोनं!”

बयजानं हात मागे घेतला.

“बाळराजांनी दिलं असतं तर डोळे मिटून घेतलं असतं, महाराज. पण तुम्ही पडलात खऱ्याचे भोक्ते. तुमच्याकडून मी खरंच घेईन!”

राजा पोट धरधरून हसला, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं तिच्या ओंजळीत टाकलं.