झरेकरांचे बारसे

एका राज्यात राजा लहान आणि राजाचे आडनाव मोठे होते. आडनाव झरेकर. ते वेशीवर कोरलेले, नाण्यांवर ठसलेले, हत्तींच्या झुलींवर जरीने भरलेले. ह्या आडनावाला एक खजिना चिकटला होता आणि खजिन्याला एक शाप. शापावाचून खजिना कोणाला मिळाल्याचे निदान माझ्या तरी कानावर नाही.

झाले होते ते असे. घराण्याच्या मूळ पुरुषाला झऱ्याच्या तळाशी सोने दिसले. सोन्यावर यक्ष बसला होता.

यक्ष म्हणाला, "ने. पण झरेकरांच्या घरातलं प्रत्येक नाव आडनावाच्याच अक्षरानं सुरू झालं पाहिजे. एकदा ठेवलेलं नाव पुन्हा ठेवायचं नाही. ज्या झरेकराच्या मुलाला बाराव्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत असं नाव मिळणार नाही, ते मूल माझं. त्याचा मी पक्षी करीन."

मूळ पुरुषाने मनात म्हटले, एवढेच ना! सोने समोर असले की पुढच्या पिढ्या माणसाला फार लांब वाटतात.

पहिल्या पिढ्यांची चैन झाली. झुंजारराव झाले, झंझारराव झाले. मग ओढाताण सुरू झाली. त्यातच घरात येणाऱ्या सुनांचीही नावे बदलायची, तीही ह्याच अक्षराने. आणि त्या राज्यात नाव नुसते हाकेपुरते नसे, ते माणसाला लागत असे. झगडोजी राजा भाजीत मीठ कमी पडले म्हणून शेजारच्या राज्याशी लढला. त्याचा मुलगा झुंबरराव, म्हणजे आपल्या गोष्टीतला राजा, उंच जागी बसून चमकण्यातच सुख मानी. त्याची धाकटी बहीण झिपराबाई. बिचारीने कितीही तेल घातले, कितीही विंचरले, तरी केसांच्या झिपऱ्याच होत. नाव ऐकून स्थळे वेशीवरूनच मागे फिरली, आणि ती लग्नावाचून झरेकरच राहिली.

अशा घरात राणीला मुलगी झाली. साखर वाटण्याआधी राजपुरोहिताने पोथ्या काढल्या, पाने उलटली, घाम पुसला.

"महाराज, झ संपला."

"संपला म्हणजे?"

"म्हणजे नाव उरलं नाही."

नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचे ते आत्यानेच. ह्या कामात राजाचेही काही चालत नसे. झिपराबाईने भाचीला पाहिले. मुलीने तिच्या केसांची एक झिपरी मुठीत धरली ती सोडीचना. आयुष्यात पहिल्यांदाच ते केस कोणाला तरी आवडले होते.

"मी नाव घेऊन येते, दादा," ती म्हणाली. "बाराव्या दिवसाच्या आत."

ती आधी झऱ्यावर गेली. तिथे फांद्यांवर वेळेत नाव न मिळालेले झरेकर पक्षी होऊन बसत, त्यांत एक खंड्या. तो तिचा सख्खा काका. त्याच्या बारशाच्या वेळी घरच्यांनी दोन दिवस वाद घातला, कोणाला कोणते नाव पसंत पडेना, आणि सूर्य बुडाला. पक्षी झाला तरी त्याला बोलता येत असे. झिपराबाईला त्याचे नवल नव्हते.

"काका, नाव कुठं मिळेल?"

"काळ्या डोंगरावर मांत्रिक आहे. जगात ठेवायची राहिलेली नावं तो कुप्यांत भरून ठेवतो. एकेका नावाला एकेक काम सांगतो."

"तुमच्यासाठी कोणी गेलं नाही का?"

"कोण जाणार? डोंगर उंच होता, आणि मी काही थोरला मुलगा नव्हतो." एवढे बोलून खंड्याने पाण्यात बुडी मारली.

झिपराबाई डोंगर चढली. मांत्रिक दारातच बसला होता. त्याच्या दारात एक वावटळ सारखी गरगरत असे आणि त्याला धड जेवू देत नसे.

"पहिलं काम. हिला बांध."

झिपराबाईने आपले केस मोकळे सोडले. वावटळ त्यांत शिरली आणि तिला बाहेरची वाट सापडेना. मांत्रिकाने पहिली कुपी दिली. आत नाव होते झोंबरी.

"चांगलं टिकाऊ नाव आहे," मांत्रिक म्हणाला. "मुलगी जिवंत राहील. मात्र जो जवळ घेईल त्याला झोंबेल."

"दुसरं द्या."

"दुसरं काम. विहिरीत एक राक्षस रडत बसलाय. गप्प कर."

झिपराबाई विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि म्हणाली, "काय झालं रे, बाळा?" राक्षसाला आजवर कोणी बाळा म्हटले नव्हते. त्याने सगळे सांगितले, नाक शिंकरले आणि तो झोपी गेला. दुसऱ्या कुपीत नाव निघाले झुरणी. ती मुलगी सुखातही झुरणार हे मांत्रिकाने सांगायची गरजच पडली नाही.

"एखादं साधं नाव नाही का हो?"

"साधी नावं लोक आधी नेतात. तिसरं काम. त्या निखाऱ्यांच्या झाडावरचं फळ तोडून आण."

तिने आणले. दोन्ही तळहात फोडांनी भरले. तिसरी कुपी उघडली तसा डोंगरावर गार वारा सुटला. नाव होते झुळूक.

झिपराबाईला आनंदाने रडू फुटले. असे गोड नाव झरेकरांच्या घरात कोणालाच मिळाले नव्हते. मांत्रिक मात्र तिच्याकडे न बघता म्हणाला, "जाईल तिथं गारवा देईल. पण थांबणार नाही. मांडीवर घ्याल आणि मांडी रिकामी असेल."

"म्हणजे पक्ष्यासारखीच की."

"मी नावं विकत नाही, बाई, आणि बदलूनही देत नाही."

ती परतली तेव्हा बारावा दिवस उतरणीला लागला होता. दरबारात पाळणा टांगला होता. पाळण्याशेजारी यक्ष येऊन बसला होता. त्याच्या ओल्या पायांखाली गालिचा भिजत होता. झिपराबाईने तिन्ही नावे आणि त्यांचे तिन्ही गुण सांगितले. दरबारी एका सुरात म्हणाले, "झुळूक ठेवा! छान जुळतं. झुळूक झरेकर!"

राजानेही मान डोलावली. "झुळूकच ठेव. निदान माणूस तरी राहील."

झिपराबाई पाळण्यावर वाकली. मुलगी तिच्याकडे बघून हसली. नाव ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले.

"मला जमत नाही, दादा," ती सरळ होत म्हणाली. "अक्षर जुळावं म्हणून ठेवलेलं नाव मी जन्मभर डोक्यावर वागवलंय. हिच्या कानात ते मी नाही घालणार." मग ती यक्षाकडे वळली. "मूल तुझं, ते कशावरून?"

"झरेकराचं म्हणून."

"आणि बाप झरेकर नसेल तर?"

"मग माझा काय संबंध? माझा करार झरेकरांशी. पण आडनाव सोडणारा झरेकर मला अजून भेटायचाय."

सगळे राजाकडे बघू लागले. झुंबररावाचा चेहरा पांढरा पडला. सोने, वाडा, वेस, नाणी, सगळे त्या आडनावाचे.

"आडनाव सोडलं तर माझं उरेल काय?" तो म्हणाला. "असं कोणी केलंय का कधी?"

तेव्हा राणी पुढे आली. राणीचे नाव झालरबाई. लग्नात तिला ते नाव मिळाले आणि तेव्हापासून ती दरबाराच्या कडेकडेनेच उभी राहत असे. लोक तिचा आवाजही विसरले होते.

"मी केलंय, महाराज," ती म्हणाली. "माहेरी मी इंदुमती पारगावकर. तुम्ही अंगठीनं तांदळात दोन शब्द लिहिलेत आणि माझं नाव गेलं, आडनाव गेलं. कोणी मला विचारलंसुद्धा नाही की तुझं उरेल काय. ताट उचललं आणि सगळे जेवायला गेले. मी मेले नाही. तुम्हीही मरणार नाही."

खिडकीतले ऊन पाळण्याच्या कडेपर्यंत आले होते. राजा सिंहासनावरून खाली उतरला. उंच जागा सोडून तो पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीने जमिनीवर उभा राहिला.

"तांदूळ आणा," तो म्हणाला.

ताट आले. राजाने बोटातली अंगठी काढून राणीच्या हाती दिली. तिने तांदूळ सारखे केले आणि सावकाश लिहिले, रायाजी पारगावकर. राजाने ते मोठ्याने वाचले. मग म्हणाला, "मी झरेकर नाही."

यक्षाने झिपराबाईकडे बोट केले. "आणि ही?"

"मीही नाही," ती म्हणाली. "मी हिची आत्या."

सूर्य बुडाला. यक्षाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. त्या दरबारात त्याच्या हक्काचे कोणी उरले नव्हते. तो उठला, गालिच्यावर पाय पुसले आणि झऱ्यात जाऊन बसला. त्याच वेळी खजिन्यातले सोने गोटे झाले आणि वेशीवरची अक्षरे गळून पडली. झऱ्याकाठचे पक्षी जसे नेले होते तसे परत आले, बारा-बारा दिवसांची बाळे होऊन, आणि सगळी एकदम रडू लागली. बायका दुपटी घेऊन धावल्या. खजिना गेला म्हणून रडायला कोणाला सवडच झाली नाही.

गडबड ओसरल्यावर आत्या पुन्हा पाळण्यावर वाकली. तिने कानात नाव सांगितले आणि मग सगळ्यांना ऐकवले, "शेवंती."

पुरोहित गोंधळला. "हे कोणत्या अक्षरावरून?"

"अक्षरावरून नाही. तोंडाकडे बघून."

राजाने मुलीला उचलून घेतले. "शेवंती पारगावकर," तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, "शेवंती पारगावकर." नाव आडनावाशी कुठेच जुळत नव्हते. राजाला रडू आले, आणि ते त्याने लपवले नाही.