शिळा नैवेद्य

खाडीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत असे. पावसाळाभर त्याची होडी काठावर ओढून ठेवलेली असायची. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहिला की वर्षाची पहिली खेप पलीकडच्या देवळाकडे निघे. त्या खेपेत बसणं म्हणजे मान, म्हणून बायाबापड्या मुलांना घेऊन लवकर येऊन थांबत.

त्या वर्षी नावाड्याने होडी अशी सजवली की बघत राहावं. नवा रंग, नवा झेंडा, छोट्याशा इंजिनाला झेंडूची माळ. मग त्याने पडवीच्या कोपऱ्यातला पेट्रोलचा डबा बाहेर काढला. पावसाळ्याआधीचं पेट्रोल होतं ते. झाकण सैल राहिलं होतं, वर पागोळ्या गळत होत्या. डबा उघडताच आंबूस वास आला.

"अहो, हे ओतू नका," बायको म्हणाली. "वास बघा कसा येतोय."

"अगं, वरून थोडं ताजं घातलं की खपून जातं. चांगलं पेट्रोल काय फेकून देऊ?"

"देवाला शिळा नैवेद्य दाखवाल का?"

"सणासुदीचं तोंड चालवू नकोस," असं म्हणून त्याने इंजिनाला हळदकुंकू वाहिलं आणि डबा टाकीत रिकामा करून वरून थोडं ताजं घातलं. खरं तर वास त्यालाही खटकला होता. पण माणसं खोळंबली होती, आणि हाताशी असलेलं टाकवत नव्हतं.

बायको नारळाचं ताट घेऊन होडीत बसली.

इंजिन खोकत खोकत सुरू झालं. होडी खाडीच्या मधोमध आली आणि ते एकदाच जोरात खोकलं नि गप्प झालं. नावाड्याने दोरी ओढून ओढून हात सोलून घेतले, तरी उपयोग शून्य.

तोवर ओहोटी लागली होती. पौर्णिमेची ओहोटी ती, तिचा ओढा काय सांगावा! होडी खाडीच्या मुखाकडे वाहू लागली. तिथे लाटा फुटत होत्या. मुलं रडायला लागली. नावाडी जिवाच्या आकांताने वल्हं मारत होता, पण पाणी ऐकेना. काठावरून मदतीला कोण येणार? बाकीच्या होड्या अजून उपड्याच पडल्या होत्या.

शेवटी त्याने नांगर टाकला. नांगर फरफटला, पुन्हा फरफटला आणि लाटांच्या अलीकडे कसाबसा रुतला.

मग वाट बघण्यावाचून काही हातात नव्हतं. नावाड्याने इंजिन उघडलं. आत पाणी होतं आणि डिंकासारखा चिकट गाळ साचला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराला मांडीवर थोपटत होती.

दिवेलागणीनंतर भरती आली. तिच्या जोरावर वल्ही मारत त्याने होडी काठाला लावली.

गाव धावत आलं. "नावाड्याने सगळ्यांना वाचवलं!" असा एकच गलका झाला. गावच्या पाटलांनी मानाचा नारळ त्याच्यापुढे धरला. "इंजिन काय, यंत्रच ते, दगा देणारच. पण माणूस पक्का!"

बायकोने एक शब्द काढला नाही. ती बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"पाटील, हा नारळ मला नको," नावाडी म्हणाला. "इंजिनाने दगा नाही दिला. मी दिला. पेट्रोल खराब झालंय, हे मला वासावरून कळलं होतं. तरी घातलं. यांना वाचवलं म्हणता, पण बुडवायलाही मीच निघालो होतो."

पाटलांनी नारळ खाली घेतला. होडीतून उतरलेली एक म्हातारी पुढे झाली आणि म्हणाली, "उद्या इंजिन धुऊन घे बाबा. देवळात जायचं राहिलंय आमचं. तुझ्याच होडीतून जाऊ."

दुसऱ्या दिवशी टाकीतलं उरलंसुरलं त्याने खाडीत न ओतता तालुक्याच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन दिलं. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी तो टाकी आणि डबा दोन्ही रिकामे करून ठेवू लागला. आणि नारळी पौर्णिमेला ताजं पेट्रोल आणलं की झाकण उघडून आधी बायकोपुढे धरायचा. ती वास घ्यायची, मान हलवायची, मगच इंजिनाला हळदकुंकू लागायचं.

तात्पर्य: ज्याची शंका आपल्याच मनाला आली, ते वरून थोडं चांगलं घालून खपवू नये, दुसऱ्यांचा जीव आपल्या भरवशावर असेल तेव्हा तर नाहीच.