राजशिर्के सरांचा उजवा हात

एका विद्यापीठात डॉ. त्रिविक्रम राजशिर्के नावाचे विभागप्रमुख होते. विद्वत्ता अफाट, आणि उजवा हात त्याहून मोकळा. एखादी विद्यार्थिनी प्रबंध दाखवायला आली, की तो तिच्या खांद्यावर जाऊन बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. शेवटी तेजल वाघमोडे या मुलीने लेखी तक्रार केली.

तक्रार समितीच्या अध्यक्ष होत्या ग्रंथपाल वत्सलाबाई खरात. चौकशीला खुद्द कुलगुरू आले, तेव्हाच बाईंनी ओळखलं, की प्रकरण गुंडाळायचं ठरलंय. त्यांनी कुलगुरूंची खुर्ची मुद्दाम राजशिर्क्यांच्या उजव्या बाजूला अगदी खेटून लावली आणि चहा मागवला.

"अहो बाई, हा हात लहानपणापासून असाच आहे," राजशिर्के म्हणाले. "शेजारी माणूस दिसला की आपोआप खांद्यावर जातो. मला कळतसुद्धा नाही."

कुलगुरूंनी मान डोलावली. "सवयीला कोण काय करणार?"

वत्सलाबाईंनी घड्याळ पाहिलं. "साहेब, दीड तास तुम्ही सरांच्या उजवीकडे बसलाय. हात एकदा तरी आला का?"

राजशिर्क्यांना घाम फुटला. सवय सिद्ध करायच्या घाईत त्यांनी हात उचलला, थेट कुलगुरूंच्या खांद्यावर ठेवला आणि वर दोनदा थोपटलं.

कुलगुरू अंग चोरून त्या हाताकडे बघत राहिले. मग खुर्ची हळूच वत्सलाबाईंकडे सरकवून म्हणाले, "बाई, त्या मुलीच्या अर्जाखाली माझीही सही घ्या."